फळी फुगली की भिंत थरथरते

पावसाळ्यात लाकडी दार चौकटीत अडकतं आणि उन्हाळ्यात तेच सैल होतं. स्टॉप-मोशन चित्रपटाचा लाकडी सेट बांधणाऱ्यांना याच सवयीची सर्वाधिक धास्ती असते.

या तंत्रात बाहुली किंचित हलवायची, फोटो काढायचा, पुन्हा हलवायची. ब्रिस्टलच्या आर्डमन स्टुडिओचा ‘द राँग ट्राउझर्स’ (१९९३) असाच तयार झाला. पडद्यावर सेकंदाला २४ फ्रेम सरकतात, त्यामुळे काही सेकंदांच्या दृश्यालाही कित्येक दिवस लागू शकतात. तेवढ्यात सेट मिलिमीटरभर सरकला, तरी पडद्यावर भिंत थरथरताना दिसते.

लाकूड फुगतं कसं? गवताच्या काड्यांची पेंढी भिजली की जाड होते, लांब होत नाही. लाकडातही अशाच सूक्ष्म नळ्या असतात. त्यांच्या भिंती हवेतला ओलावा शोषतात, म्हणून फळी रुंदीत वाढते. लांबी जवळपास तेवढीच राहते.

प्लायवुडमध्ये पातळ थर एकमेकांना काटकोनात चिकटवलेले असतात. एक थर ज्या दिशेने फुगू पाहतो, त्याच दिशेने शेजारच्या थराच्या नळ्या लांबीने पसरलेल्या असतात आणि त्याला रोखतात. म्हणून सेटच्या जमिनीला प्लायवुड सोयीचं. तिला भोकं पाडून खालून बाहुलीच्या पायात स्क्रू घालतात. मग बाहुली एका पायावरही तोल सांभाळते. बाहुली हलवणाऱ्याचा हात आत जावा म्हणून सेटच्या भिंती सुट्या ठेवतात.

घरी असा सेट करणार असाल, तर प्लायवुड दोन्ही बाजूंनी रंगवा. एकच बाजू रंगवली, तर ओलावा असमान शिरतो आणि फळी वाकते.