रोजची धार, कायमचं घर

उत्तर इटलीत, पो नदीच्या सपाट खोऱ्यात, शाळा सुटायच्या वेळी फाटकापाशी थांबलेल्या पालकांमध्ये पगडीवाले बाप आणि सलवार-कमीज घातलेल्या आया दिसल्या, तर गावकऱ्यांना त्याचं आता काही वाटत नाही. क्रेमोना, मांतोवा, रेज्जो एमिलिया या जिल्ह्यांत पंजाबी कुटुंबं गेली तीसेक वर्षं राहताहेत. त्यातले पुष्कळ जण दोआब्यातले, म्हणजे जालंधर, होशियारपूर, कपूरथळा या भागांतले. त्यांची मुलं घरात पंजाबी बोलतात आणि अंगणात तिथल्याच हेलाची इटालियन.

रोमच्या दक्षिणेला, लातीना शहराभोवतीच्या सखल पट्ट्यातही पंजाबातूनच आलेली माणसं शेतीत राबतात. तिथे मात्र वर्षानुवर्षं राहूनही अनेकांचं बस्तान बसत नाही. देश एक, कायदे एक, माणसंही एकाच मुलखातली. मग एकाला गाव मिळतं आणि दुसऱ्याला नुसता मुक्काम, असं का? याचं बरंचसं उत्तर ती माणसं कशाची शेती करतात, यात आहे.

दुधाला सुट्टी नसते

पो खोऱ्यात ही माणसं गोठ्यांत राबतात आणि तिथल्या दुधाचं चीज होतं. पार्मेजानो रेज्जानो हे चीज पार्मा, रेज्जो एमिलिया, मोदेना हे जिल्हे आणि बोलोन्या व मांतोवा यांचा काही भाग, एवढ्याच पट्ट्यात करता येतं. त्याचे नियम कडक आहेत. गाईंना मुरघास चालत नाही. भिस्त वाळलेल्या गवतावर आणि लसूणघासावर. संध्याकाळचं दूध रात्रभर उथळ हौदात ठेवायचं, वर आलेली साय काढायची, त्यात सकाळचं ताजं दूध मिसळायचं आणि तांब्याच्या कढईत चीज लावायचं. सुमारे ५५० लिटर दुधातून जवळपास ४० किलोचं एक चाक होतं आणि ते किमान १२ महिने मुरतं. धार संपल्यावर दोन तासांच्या आत दूध चीजघरात पोचलं पाहिजे. रविवार असो की नाताळ, धार वेळेवरच निघावी लागते.

धार काढणाऱ्याचा दिवस पहाटे तीन-चारला सुरू होतो. गाई रांगेनं येऊन उंच ओट्यावर उभ्या राहतात, तो खालच्या खड्ड्यात उभा असतो, त्यामुळे कास त्याच्या हातापाशी येते. सड पुसायचे, पहिल्या दोन-चार धारा हातानं काढून दुधात गाठी किंवा रक्त नाही ना ते बघायचं, मग यंत्राचे कप लावायचे. कप निघाले की सड औषधात बुडवायचे. एखाद्या गाईला दगडी, म्हणजे कासेचा दाह, झाली आहे हे वेळेवर ओळखलं नाही, तर तिचं दूधही जातं आणि कासही. दुपारी हेच सगळं पुन्हा.

विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत स्थानिक तरुणांनी या कामाकडे पाठ फिरवली आणि कारखान्यांची, शहराची वाट धरली. गोठे ओस पडायची वेळ आली, तेव्हा पंजाबी माणसं आली. घरी म्हशी सांभाळलेल्या होत्या, हात बसलेला होता. गोठेवाल्याला असा माणूस वर्षभर लागतो, आणि हाकेच्या अंतरावर लागतो. चौकाला धरून घर, गोठे आणि कोठारं बांधलेल्या शेतवाडीला लोम्बार्दीत काशीना म्हणतात. तिथे गड्याला कुटुंबासह राहायला जागा देण्याची रीत जुनीच होती. ती पंजाब्यांच्या कामी आली: बारमाही काम, लेखी करार आणि डोक्यावर छप्पर.

करारानं उघडणारी दारं

या तीन गोष्टी हाताशी असल्या की परदेशी माणसाची कागदपत्रांची वाट निम्मी सोपी होते. युरोपीय संघाबाहेरून आलेल्या माणसाला कामकाजाच्या आठ दिवसांत निवास परवान्यासाठी अर्ज करावा लागतो. टपाल कार्यालयातून अर्जाचं पाकीट घ्यायचं, भरायचं, १६ युरोचं मुद्रांक तिकीट लावायचं आणि टपालाच्याच खिडकीवर द्यायचं. मग जिल्ह्याच्या पोलीस मुख्यालयात जाऊन बोटांचे ठसे. कार्ड हाती यायला महिनोन्‌महिने लागू शकतात. तोवर टपालाची पावती जिवापाड जपायची.

शिवाय १६ अक्षर-अंकांचा कर क्रमांक हवा. माणसाचं नाव, जन्मतारीख आणि जन्मस्थान त्यात गुंफलेलं असतं. भारतात जन्मलेल्या प्रत्येकाच्या क्रमांकात ‘झेड २२२’ येतं आणि बाई असेल तर जन्माच्या दिवसात ४० मिळवलेले असतात. फोनचं सिम, बँकेचं खातं, घरभाड्याचा करार, सगळीकडे आधी हा क्रमांक विचारतात.

पुढचा टप्पा गावच्या पालिकेचा. रहिवासी म्हणून नोंद मागितली की ४५ दिवसांच्या आत पालिकेचा पोलीस घरी येऊन माणूस खरोखर तिथे राहतो का, हे तपासतो. म्हणून दारावरच्या घंटीवर आणि टपालपेटीवर नाव लावून ठेवतात. सरकारी आरोग्यसेवेत नाव लागलं की जवळचा एक डॉक्टर आपला म्हणून ठरतो आणि मुलांसाठी बालरोगतज्ज्ञ. बायको-मुलांना आणायचं तर पुरेसं उत्पन्न आणि माणशी पुरेशी जागा असलेलं घर दाखवावं लागतं. काशीनावर राहणाऱ्याला हे दाखवणं जमतं. म्हणूनच पो खोऱ्यात कुटुंबं आली, आणि कुटुंबं आली म्हणून शाळा, दवाखाना, दुकान अशा रोजच्या जागी गावाशी ओळख झाली.

काशीनावरचे दिवस

हे जगणं सोपं मात्र नाही. काशीना गावापासून दूर असते. बस दिवसातून मोजक्या वेळा येते. दुकानं दुपारी साडेबारा-एकला बंद होतात ती साडेतीन-चारपर्यंत उघडत नाहीत. हिवाळ्यात पो खोऱ्यावर असं दाट धुकं उतरतं की समोरचा बांध दिसत नाही. अशा ठिकाणी गाडी चालवता येणं ही चैन उरत नाही. भारतीय परवान्यावर इटलीत कायमची गाडी चालवता येत नाही आणि तो बदलूनही मिळत नाही. परीक्षा नव्यानं द्यावी लागते, तीही इटालियनमधून: चूक की बरोबर अशी ३० विधानं, त्यांत तीनहून जास्त चुका चालत नाहीत. रस्त्यावरच्या प्राधान्याचा नियम कळूनही त्याचं वाक्य कळलं नाही तर गुण जातो. नवरा दोन वेळच्या धारेला बांधलेला, मुलं शाळेत. अशा घरात ज्या बाईला हा परवाना मिळतो तिचं जग एकदम विस्तारतं. ती नोकरी धरू शकते, डॉक्टरकडे एकटी जाऊ शकते. ज्यांना तो मिळत नाही, त्यांच्यासाठी शाळकरी मुलंच दुभाषे होतात. आईचं पोटाचं दुखणं दहा वर्षांच्या मुलीनं डॉक्टरला सांगायचं, हे ओझं त्या मुलीच्या वयाला पेलणारं नाही. गावोगावी मोठ्यांसाठी चालणारे इटालियनचे मोफत वर्ग म्हणूनच मोलाचे आहेत.

आणखी एक टोचणी आहे. घर नोकरीबरोबर मिळतं, तसं नोकरीबरोबर जातंही. थोडे पैसे साठताच अनेक कुटुंबं गावात स्वतःचं घर घेण्याची धडपड करतात, ती त्यामुळेच.

रेज्जो एमिलिया जिल्ह्यातल्या नोव्हेल्लारा गावच्या गुरुद्वाराचं उद्घाटन २००० साली युरोपीय आयोगाचे तेव्हाचे अध्यक्ष रोमानो प्रोदी यांनी केलं. क्रेमोना जिल्ह्यातल्या पेस्सीना क्रेमोनेझेचा मोठा गुरुद्वारा २०११ साली उघडला. बैसाखीला नोव्हेल्लाराच्या रस्त्यांवरून नगरकीर्तन निघतं, त्यात गावकरीही सामील होतात आणि लंगर सगळ्यांसाठी खुला असतो. तरी सगळं जुळलेलं नाही. मांतोवा जिल्ह्यातल्या एका शिखाला कृपाण बाळगल्याबद्दल झालेला दंड सर्वोच्च अपील न्यायालयानं २०१७ मध्ये कायम केला. श्रद्धा आणि कायदा यांच्यातला हा प्रश्न आजही तिथल्या शिखांना सलतो.

दिवसाच्या बोलीवर

आता लातीनाकडे वळू. हा पट्टा म्हणजे मुळातली हिवतापाची दलदल. मुसोलिनीच्या राजवटीत १९३०च्या दशकात तिचा निचरा केला, १९३२ साली शहर वसवलं आणि मुख्यतः व्हेनेतो भागातली गरीब शेतकरी कुटुंबं आणून त्यांना जमीन आणि घर दिलं. बाहेरून आलेले ते लोक रुजले, कारण रुजायला लागतं ते त्यांना आल्याबरोबर मिळालं होतं.

आज त्याच जमिनीवर किवी, कोर्जेट, मुळा, सॅलडची पानं पिकतात आणि ती काढायला पंजाबी मजूर सायकली मारत जातात. इथे शेतमालक आणि मजूर यांच्यामध्ये अनेकदा ‘कापोराले’ असतो. महाराष्ट्राला हा माणूस नवा नाही. ऊसतोडीच्या टोळीत त्याला मुकादम म्हणतात. तो माणसं गोळा करतो, शेतावर पोचवतो आणि मजुरीतून आपला वाटा कापतो. एप्रिल २०१६ मध्ये लातीनात पंजाबी मजुरांनी मोठा संप केला आणि त्याच वर्षी कापोरालेच्या प्रथेविरुद्ध १९९ क्रमांकाचा कडक कायदा झाला. तो पुरेसा अमलात आला नाही. जून २०२४ मध्ये तिथे एका ३१ वर्षांच्या पंजाबी मजुराचा हात यंत्रात तुटला. त्याला रुग्णालयात न नेता घरापाशी टाकून दिलं गेलं आणि दोन दिवसांत तो रोममध्ये मरण पावला. त्याच्याकडे लेखी करार नव्हता. साऱ्या इटलीला हादरवणाऱ्या या मृत्यूनंतर हजारो मजूर लातीनाच्या रस्त्यावर उतरले.

भाजीचं काम हंगामी, म्हणून माणूसही हंगामी, असं यावर म्हटलं जातं. ते अर्धसत्य आहे. पॉलिहाऊसमध्ये एकामागून एक पिकं निघतात आणि काम जवळजवळ बारमाही चालतं. महिनाभर राबलेल्याचे कागदावर मात्र थोडेच दिवस लावले जातात. न लावलेल्या प्रत्येक दिवसाबरोबर उत्पन्नाचा पुरावा कमी होतो, परवान्याचं नूतनीकरण अवघड होतं, कुटुंब आणायचा अर्ज लांबतो. नागरिकत्वासाठी बिगर-युरोपीय माणसाला १० वर्षांचा सलग कायदेशीर निवास लागतो. ही मुदत पाचवर आणण्यासाठी जून २०२५ मध्ये घेतलेलं सार्वमत पुरेसं मतदान न झाल्यानं बाद ठरलं. परदेशी आईबापांच्या पोटी इटलीतच जन्मलेल्या मुलालाही १८ पूर्ण होईपर्यंत थांबावं लागतं. एवढ्या लांबच्या वाटेवर कागदातला प्रत्येक खाडा महाग पडतो.

गोठ्यात खाडा पडू देता येत नाही, म्हणून पो खोऱ्यातल्या माणसाचे दिवस कागदावर लागत गेले. लातीनातल्या मजुराचे दिवस कागदावर लावायला गाय नाही. तिथे ते काम सरकारच्या निरीक्षकांनाच करावं लागेल. शेतावर जाऊन माणसं मोजायची, हजेरीशी ताडून बघायची आणि तक्रार करणाऱ्या मजुराचा परवाना धोक्यात येऊ द्यायचा नाही. कायदा २०१६ पासून पुस्तकात आहे. तो नेमानं शेतापर्यंत पोचला, तर नोव्हेल्लारात पंजाब्यांना जे मिळालं ते लातीनातही मिळेल, कारण दोन्हीकडे माणसं तितकीच कष्टाळू आहेत.