लाल पानं हवीत, पण मासे जपून!

मित्रांनो, काचेच्या टाकीत लालभडक दिसणारी 'रोटाला मॅक्रान्ड्रा' ही पाणवनस्पती आपल्या दक्षिण भारतातलीच, बरं का! पण भारी नाजूक. उजेड कमी पडला, की लाली उतरते, खालची पानं गळतात. म्हणून तिला भरपूर प्रकाश, लोहयुक्त खत आणि पाण्यात कार्बन डायऑक्साइड लागतो. हा वायू आई-बाबांच्या मदतीनं, दिवा चालू असतानाच सोडायचा. अंधारात वनस्पती अन्न बनवत नाहीत. उलट माशांसारखाच ऑक्सिजन घेतात. मासे वर येऊन धापा टाकू लागले, तर वायू ताबडतोब बंद करा, पाणी खळबळतं ठेवा. दांडा उंच वाढला, की शेंडा कापून पुन्हा रोवा. पेरांना मुळं फुटतात. रंग पुन्हा येईल. गेलेला मासा नाही!