जाणता कोणास म्हणावे?

भविष्यकथन, मंत्रतंत्र किंवा अतींद्रिय शक्ती यांविषयी जाहीर सभेत कोणी शंका घेतली, की सभा संपण्यापूर्वी एक प्रश्न हटकून विचारला जातो. विचारणारे गृहस्थ बहुधा वयाने व मानाने वडील असतात. ते शांतपणे उभे राहतात आणि म्हणतात, "आपण या शास्त्राचा अभ्यास केला आहे काय? नसल्यास त्यावर बोलण्याचा आपणांस अधिकार काय?" टाळ्या पडतात. मग वक्ता उलट विचारतो, "आणि आपला पदार्थविज्ञानाचा अभ्यास किती?" पुन्हा टाळ्या पडतात. दोन्ही पक्ष आपापल्या टाळ्या घेऊन घरी जातात आणि मूळ गोष्ट खरी की खोटी, हा प्रश्न होता तेथेच राहतो.

पुष्कळ सुशिक्षित लोक या वादाला कंटाळून म्हणतात, की अधिकाराची भाषाच नको. आमचे मत तसे नाही. अधिकाराचा प्रश्न योग्यच आहे. तो अर्धवट विचारला जातो, एवढीच आमची तक्रार आहे. आपल्या ठाणे जिल्ह्याच्या खेड्यापाड्यांत भगताला किंवा देवऋष्याला 'जाणता' म्हणण्याची रीत आहे. शब्द मोठा सुंदर आहे. परंतु अमुक मनुष्य जाणता आहे, हे इतरांनी कशावरून जाणावे?

याचे उत्तर शोधण्यासाठी भिवंडीकराला फार दूर जावे लागत नाही. यंत्रमागाच्या कोणत्याही कारखान्यात जावे. माग अडला, की जॉबरला हाक जाते. तो येतो, मागाच्या खडखडाटाकडे क्षणभर कान देतो, धोट्याकडे पाहतो आणि पान्याचे दोन फेरे देऊन निघून जातो. त्याचे शिक्षण किती झाले, हे कोणी विचारीत नाही. काय ऐकले आणि काय ओळखले, हे त्याला स्वतःलाही पुष्कळदा सांगता येत नाही. तरी मालक आणि कामगार दोघेही त्याचा शब्द मानतात. कारण त्याचे म्हणणे खरे की खोटे, ते तासाभरात कापडावर उतरते. चूक झाली असेल तर दोष ताग्यावर दिसतो. व्यापारी भिंगाची काच ठेवून इंचातले धागे मोजतो, तेव्हा जॉबरची कीर्ती, वय किंवा घराणे त्या काचेखाली येत नाही. येतात ते केवळ धागे. ज्या कामात चूक लवकर उघडी पडते आणि ती दुसऱ्यालाही दिसते, त्या कामात अनुभव मनुष्याला खरोखर शहाणे करतो. जेथे चूक दिसतच नाही, तेथे चाळीस वर्षांचा अनुभवसुद्धा केवळ आत्मविश्वास वाढवितो.

आता भगताकडे वळू. सर्पदंशाचा रोगी त्याच्यापुढे आणतात. तो मंत्र म्हणतो, मुळी उगाळून देतो, आणि रोगी पुष्कळदा उठून घरी चालत जातो. "मी शेकडो माणसे वाचविली," असे भगत म्हणतो, तेव्हा तो खोटे बोलतो असे समजण्याचे कारण नाही. त्याने ती माणसे डोळ्यांनी पाहिलेली असतात. परंतु आपल्याकडील बहुतेक साप बिनविषारी असतात. नाग, मण्यार, घोणस व फुरसे हे चार प्रमुख विषारी साप. पण त्यांच्याही प्रत्येक दंशात विष भरले जातेच असे नाही. म्हणजे भगताच्या अंगणात येणाऱ्यांपैकी पुष्कळसे मंत्राविनाही वाचलेच असते. जे दगावले, त्यांच्याविषयी "आणायला उशीर केला" किंवा "पथ्य मोडले" असे म्हटले जाते. वाचलेले मंत्राच्या खात्यावर जमा होतात आणि मेलेले नशिबाच्या खात्यावर. अशा वहीत तोटा कधीच दिसावयाचा नाही. मात्र खऱ्या नागदंशाच्या रोग्याला जो वेळ प्रतिविषाच्या सुईसाठी हवा असतो, तो या अंगणात निघून जातो. तज्ज्ञ कोण, हा वाद केवळ पंडितांचा नाही, तो असा जिवाशी येऊन भिडतो.

याच कोकणात दुसऱ्या तऱ्हेचा जाणताही होऊन गेला, किंबहुना आहे. लाल विंचवाच्या दंशाने कोकणात पूर्वी माणसे, विशेषतः लहान मुले, पटापट मरत. गंभीर दंशाच्या रोग्यांपैकी शेकडा चाळीसपर्यंत मृत्यू होत, असे सांगतात. महाडजवळ सरकारी दवाखान्यात काम करणारे डॉ. हिंमतराव बावसकर यांनी रोग्यांच्या उशाशी बसून नाडी, रक्तदाब, श्वास यांच्या नोंदी ठेवण्यास आरंभ केला. विंचवाच्या विषाने रक्तवाहिन्या आकसतात, हृदयावर भयंकर ताण पडतो आणि शेवटी फुफ्फुसांत पाणी भरून रोगी दगावतो, हे त्यांच्या ध्यानात आले. रक्तदाबावरचे प्राझोसिन हे औषध त्यांनी वापरून पाहिले आणि आपले निष्कर्ष १९८०च्या दशकात 'लॅन्सेट' या लंडनच्या वैद्यकीय नियतकालिकात मांडले. पुढे मृत्यूचे प्रमाण शेकडा एकाच्या आसपास आले. बावसकर हे कोणा मोठ्या महाविद्यालयातील प्राध्यापक नव्हते; तालुक्याच्या गावचे डॉक्टर होते. त्यांचा अधिकार पदवीपेक्षा त्या वहीतून आला; कारण त्या वहीत वाचलेल्यांबरोबर मेलेल्यांचीही नोंद होती.

फलज्योतिषाचा वाद जरा निराळा आहे, कारण येथे ग्रंथ आहेत, परिभाषा आहे आणि गणितही आहे. पंचांगात सांगितलेले ग्रहण ठरल्या वेळी लागते, हे आपण पाहतो. ती विद्या खरी आहे. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी १८९६ साली प्रसिद्ध झालेल्या 'भारतीय ज्योतिषशास्त्रा'त तिचा इतिहास मोठ्या परिश्रमाने मांडला आहे. परंतु ग्रहणाची वेळ बरोबर आली, म्हणून मंगळामुळे मुलीचे लग्न मोडावे हेही बरोबर ठरत नाही. एका विद्येने मिळविलेली पत दुसरीच्या नावावर चालविण्याचा हा प्रकार आहे. तिसऱ्याच्या जामिनावर कर्ज देताना आपण सावध असतो. येथेही तसेच असावे.

"अभ्यास नसताना बोलू नका," या आक्षेपाला महाराष्ट्रात एक मुद्देसूद उत्तर दिले गेले, ते २००८ साली पुण्यात. खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर, पुणे विद्यापीठाच्या संख्याशास्त्र विभागातील सुधाकर कुंटे, अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे या चौघांनी मिळून एक चाचणी आखली. घाटपांडे हे स्वतः फलज्योतिष शिकलेले. म्हणजे ग्रहांचा जाणकार, आकड्यांचा जाणकार, लोकव्यवहाराचा जाणकार आणि प्रत्यक्ष त्या शास्त्राचा जाणकार असे चौघे एकत्र आले. एकट्या खगोलशास्त्रज्ञाच्या अधिकारावर त्यांनी विसंबून राहिले नाही, ही गोष्ट आम्हांस फार महत्त्वाची वाटते.

पत्रिकेवरून मनुष्य बुद्धिमान की मतिमंद ते सांगता येते, असे ज्योतिषी म्हणतात. तेच कसोटीला लावायचे ठरले. शंभर हुशार व शंभर मतिमंद अशा दोनशे मुलांच्या जन्मवेळा व जन्मस्थळे मिळवून पत्रिका मांडल्या. त्यांवर केवळ सांकेतिक क्रमांक घातले. कोणती पत्रिका कोणाची, ते ज्योतिष्यांना तर ठाऊक नव्हतेच, पण चाचणी घेणाऱ्यांनाही निकालापर्यंत कळू नये अशी तजवीज होती. प्रत्येक ज्योतिष्याकडे चाळीस पत्रिका पाठविल्या. सत्तावीस जणांनी उत्तरे धाडली.

नाणे उडवून उत्तरे दिली, तरी चाळिसांपैकी सरासरी वीस बरोबर यावयाची. या सत्तावीस जणांत सर्वांत यशस्वी ठरलेल्याची चोवीस उत्तरे बरोबर आली. आणि सर्वांची सरासरी विसाच्याही खाली राहिली. चोवीस म्हणजे काही तरी आहे, असे कोणास वाटेल. परंतु सत्तावीस माणसांना प्रत्येकी चाळीस वेळा नाणे उडविण्यास सांगितले, तर त्यांच्यापैकी कोणी तरी चोवीस किंवा अधिक छापे पाडील, हे जवळजवळ निश्चित आहे. एका संस्थेने दोनशेच्या दोनशे पत्रिका तपासून दिल्या. तिची उत्तरे एकशे दोन बरोबर आली. केवळ दैवावर सोडले असते तर शंभर आली असती.

यावर हरकती आल्या. जन्मवेळ अचूक नसेल, एवढ्या एका गोष्टीवरून शास्त्राची परीक्षा होत नाही, आणि खरे निष्णात ज्योतिषी यांत उतरलेच नाहीत, अशा त्या होत्या. एक चाचणी म्हणजे शेवटचा शब्द नव्हे, हे आम्हीही मानतो. मात्र हरकत केव्हा घेतली, ते पाहावे. निकालापूर्वी घेतलेली हरकत चाचणी सुधारते. निकालानंतर घेतलेली हरकत पुष्कळदा केवळ अब्रू सावरते. जन्मवेळ अचूक नाही म्हणून चाचणी बाद, तर त्याच तऱ्हेच्या जन्मवेळेवर दक्षिणा घेऊन सांगितलेले भविष्य ग्राह्य कसे?

येथवर वाचून शास्त्रज्ञांच्या बाजूच्या मंडळींना आनंद झाला असेल. त्यांनी जरा थांबावे. अमेरिकेतील सेंट लुइस येथील वॉशिंग्टन विद्यापीठात १९७९ साली अतींद्रिय शक्तींच्या अभ्यासासाठी पाच लाख डॉलरच्या देणगीतून प्रयोगशाळा निघाली. प्रमुख होते पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक. त्यांच्यापुढे दोन तरुण आले आणि केवळ मनःशक्तीने चमचे वाकविल्यासारखे करून दाखवू लागले. जेम्स रँडी या जादूगाराने प्रयोगशाळेला आधीच कळविले होते, की फसवणूक कशी टाळावी ते मी सांगतो. परंतु ती मदत वेळीच घेतली गेली नाही. १९८३ साली रँडीने जाहीर केले, की ते दोघे तरुण जादूगारच होते आणि त्यांना त्यानेच पाठविले होते. प्राध्यापक अज्ञानी नव्हते. परंतु निसर्ग कधी मुद्दाम फसवीत नाही, म्हणून निसर्गाचा अभ्यासक फसवणूक ओळखण्यात तरबेज असतोच असे नाही. ते काम हातचलाखी जाणणाऱ्याचे. तेव्हा कोणत्या प्रश्नाला कोणता जाणकार हवा, हे आधी ठरवावे लागते.

दुसरी गोष्ट १९७५ सालची. अमेरिकेत १८६ नामांकित शास्त्रज्ञांनी फलज्योतिषाविरुद्ध एक पत्रक सह्या करून काढले. कार्ल सेगन या खगोलशास्त्रज्ञाचा फलज्योतिषावर तिळमात्र विश्वास नव्हता. तरीही त्याने सही करण्याचे नाकारले. पत्रकाचा सूर हुकमी आहे, ही त्याची हरकत होती. आम्हांस ती रास्त वाटते. "आम्ही मोठे, आम्ही सांगतो" हे वाक्य भगताने म्हटले काय किंवा प्राध्यापकाने म्हटले काय, पुराव्याची जागा ते भरून काढीत नाही.

आपल्या देशात हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २००१ साली विद्यापीठांतून ज्योतिर्विज्ञानाचे अभ्यासक्रम सुरू करण्याचे ठरविले, तेव्हा शास्त्रज्ञ पी. एम. भार्गव व इतरांनी त्यास आव्हान दिले. न्यायालयाने २००४ साली ते फेटाळले. अभ्यासक्रमासारख्या शैक्षणिक बाबतीत तज्ज्ञ मंडळाच्या निर्णयात न्यायालयाने सहसा पडू नये, अशी त्यामागची भूमिका होती. न्यायालयाच्या दृष्टीने ते स्वाभाविक असेल. पण त्या निकालाने फलज्योतिष खरे ठरले, असा अर्थ कोणी काढू नये. विषय शिकविणे आणि विषय खरा असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

याउलट खरे ज्ञान आपली परीक्षा घेण्याचे साधन दुसऱ्याच्या हाती देते. २१ सप्टेंबर १९९५ रोजी देशभर गणपतीच्या मूर्ती दूध पितात अशी वार्ता पसरली आणि देवळांपुढे रांगा लागल्या. सरकारी शास्त्रज्ञांनी दुधात रंग मिसळला. चमच्याच्या काठाशी फुगलेले दूध सोंडेला टेकताच पृष्ठताणाने ओढले जाते आणि मूर्तीवरून पातळ थराने खाली उतरते, हे त्या रंगाने दाखवून दिले. शास्त्रज्ञांचा शब्द मानण्याची गरज नव्हती. कोणाही गृहिणीला देव्हाऱ्यापुढे बसून ते करून पाहता येत होते आणि त्यासाठी देवावरची भक्ती सोडावी लागत नव्हती.

तेव्हा कोणी आपणांपुढे जाणता म्हणून उभा राहिला, मग तो कोणत्याही पक्षाचा असो, तर त्याला चार गोष्टी नम्रपणे विचाराव्यात. आपले कोणते म्हणणे तपासता येईल? आपली चूक झाली, हे कशावरून कळेल? आजवर चुकलेल्या प्रसंगांची नोंद कोठे आहे? आणि चाचणीच्या अटी आज, निकालापूर्वी, मान्य कराल काय? ज्याला या प्रश्नांचा राग येत नाही, त्याच्याशी बोलण्यात लाभ आहे.

हे प्रश्न विचारणे सोपे नाही. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात सकाळी फिरावयास निघालेल्या नरेंद्र दाभोलकरांचा गोळ्या झाडून खून झाला. त्याच वर्षी महाराष्ट्राने अघोरी प्रथा व जादूटोणा यांविरुद्धचा कायदा केला. कायद्याने बुवाबाजीला पायबंद बसेल, पण विचारण्याची सवय कायद्याने लागत नाही. ती आपली आपणच लावून घ्यावी लागते. ताग्यावर भिंग ठेवताना विणकराचा अपमान होतो, असे भिवंडीत कोणी मानीत नाही. चांगला विणकर तर ते भिंग स्वतःच पुढे करतो.