चेरोकी पर्पल आणि त्याला सांभाळणारे

1990 साली क्रेग लेहूलियर यांच्या घरी टपालानं टोमॅटोच्या बियांची एक पुडी आली. लेहूलियर पेशानं रसायनशास्त्रज्ञ. पण घराजवळच्या वाफ्यांत जुने वाण लावून पाहायचे, त्यांचं बी राखायचं आणि मागेल त्याला द्यायचं, हा त्यांचा ध्यास. पुडी पाठवणारे गृहस्थ टेनेसी राज्यातल्या सेवियरव्हिलचे. हा जांभळा टोमॅटो शंभरेक वर्षांपूर्वी चेरोकी लोकांकडून आला असं सांगतात, एवढंच त्यांनी कळवलं होतं. वाणाला नाव नव्हतं. ‘चेरोकी पर्पल’ हे नाव लेहूलियर यांनी दिलं.

त्या हंगामात फळं पिकली तेव्हा ते चकित झाले. तोवर जांभळा म्हणून मिळणारा टोमॅटो प्रत्यक्षात गुलाबीच निघायचा. हे फळ मात्र खरोखरच काळपट, देठाकडे हिरवट आणि कापल्यावर आत गडद तांबूस होतं. त्यांनी बी व्हर्जिनियातल्या ‘सदर्न एक्सपोजर सीड एक्सचेंज’च्या जेफ मॅककॉर्मॅक यांना पाठवलं. मॅककॉर्मॅकना चव फार आवडली, पण रंगाची धास्ती वाटली. मार लागून पायावर काळानिळा डाग उठावा तसं दिसणारं फळ लोक घेतील का? तरी 1993 मध्ये त्यांनी ते विक्रीच्या यादीत घातलं. आज अमेरिकेत घरी टोमॅटो लावणाऱ्याला हे नाव ठाऊक नसेल, असं क्वचितच घडतं.

या रंगाचं वांग्याच्या जांभळ्या रंगाशी काही नातं नाही. टोमॅटो पिकताना त्यातलं हरितद्रव्य एरवी नाहीसं होतं आणि लायकोपीनचा लाल रंग उरतो. चेरोकी पर्पलमध्ये हरितद्रव्य पुरतं जातच नाही. हिरव्यावर लाल चढून गर तपकिरी होतो आणि वरची साल रंगहीन असल्यामुळे बाहेरून तो जांभळट दिसतो.

देठाकडचा हिरवा भाग हा बाजाराच्या दृष्टीनं दोष. साधारण सत्तर वर्षं पैदासकारांनी सगळीकडून एकसारखी पिकणारी फळं निवडली. 2012 मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या ॲन पॉवेल आणि सहकाऱ्यांनी ‘सायन्स’मध्ये दाखवून दिलं, की या निवडीत एक जनुक निकामी होत गेलं. कच्च्या फळात हरितकणांची वाढ करणारं ते जनुक. ते गेलं आणि त्यासोबत फळातली थोडी साखरही गेली. देठाकडचा हिरवा भाग लोक कापून टाकतात, पण अशी फळं गोड लागण्यामागे त्या हिरवेपणाचाही वाटा आहे. मला या सगळ्या कथेत हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते.

पण हा वाण लावणाऱ्यांना विचाराल तर ते चवीच्या आधी तक्रारींचा पाढा वाचतील. रोप सहा फुटांच्या वर जातं आणि थंडीनं मरेपर्यंत वाढत राहतं, त्यामुळे आधार भक्कम लागतो. लागवडीनंतर पहिलं फळ हाती यायला ऐंशीएक दिवस जातात. फळ पाव किलोचं, कधी त्याहून मोठं. पण संख्या संकरित वाणाच्या मानानं कमी. मोठ्या फुलांतून वेडीवाकडी, खाचा पडलेली फळं निघतात. पानांवर खालून करपा चढतो. दिवसाचा पारा 32 अंशांच्या आणि रात्रीचा 24 च्या वर टिकला, की फुलं गळून पडतात. आणि फळं तडकतात! माती कोरडी पडून मग दणकून पाऊस झाला, की गर फुगतो, सालीला तेवढं ताणता येत नाही आणि देठाभोवती गोल चिरा पडतात.

अनुभवी माणसं मातीवर पाचोळ्याचं जाड आच्छादन घालतात, पाणी पानांवर न घालता बुडाशी आणि नेमानं देतात, खालची पानं काढून टाकतात. फळ अर्धं रंगलं की तोडून घरात पिकवतात. त्यानं चवीत फारसं उणं येत नाही आणि पुढच्या पावसाच्या तडाख्यातून ते वाचतं. पातळ साल आणि मऊ गर यांमुळे हे फळ ट्रकनं लांब जाऊ शकत नाही. म्हणून ते परसात टिकलं.

नावातल्या ‘चेरोकी’बद्दल जपून बोलायला हवं. टोमॅटोचं मूळ दक्षिण अमेरिकेत आणि त्याला पिकात आणलं ते मेक्सिकोकडच्या लोकांनी; उत्तरेकडे तो बराच उशिरा पोचला. सेवियरव्हिल ज्या ग्रेट स्मोकी डोंगरांच्या पायथ्याशी आहे, तो मुलूख मात्र चेरोकींचाच. 1838 मध्ये त्यांतल्या बहुतेकांना सैन्यानं मायभूमीतून हुसकावलं, हजारो वाटेत मेले. जे मागे राहिले त्यांचे वंशज आजही डोंगरापलीकडे उत्तर कॅरोलिनात आहेत. या टोमॅटोच्या वाटचालीचा लेखी पुरावा नाही. ते नाव एका कुटुंबाच्या आठवणीवर उभं आहे आणि तेवढ्याच विश्वासानं घ्यावं.

बी राखण्याची रीत सोपी आहे. पिकल्या फळाचा बुळबुळीत गर बियांसकट बरणीत तीन-चार दिवस आंबवायचा. त्यानं उगवण रोखणारं आवरण सुटतं. मग धुऊन, सावलीत वाळवून ठेवायचं. टोमॅटोचं फूल बहुधा स्वतःच फळतं, म्हणून सरळ वाणाचं बी पुढच्या वर्षी तोच वाण देतं. अधूनमधून वेगळंही निघतं: 1995 मध्ये लेहूलियर यांच्याकडे एका झाडाला तपकिरी फळं धरली. सालीत पिवळा रंग उतरला होता, गर तोच. त्यातून ‘चेरोकी चॉकलेट’ आला.

उंच झाड कुंडीत मावत नाही, ही शहरी माणसाची अडचण. 2006 च्या सुमारास लेहूलियर आणि ऑस्ट्रेलियातल्या पॅट्रिना नुस्के स्मॉल यांनी हौशी बागकामकऱ्यांना जोडून घेऊन बुटक्या झाडांशी जुन्या वाणांचे संकर सुरू केले. दोन गोलार्धांमुळे वर्षात दोन पिढ्या घेता आल्या. त्यातला ‘रोझेला पर्पल’ चवीला चेरोकी पर्पलच्या अगदी जवळचा मानतात. पुण्या-नाशकाच्या गच्चीवर यातलं काही लावायचं असेल, तर पाऊस ओसरल्यावर रोपं करावीत, म्हणजे फुलं थंडीच्या रात्रींत धरतील.