ताई हरवली, तर ग्रुपवर काय टाकायचं?



संध्याकाळचा स्वयंपाक चालू असतो आणि फोन वाजतो. गटाच्या ग्रुपवर कुणीतरी एक फोटो टाकलेला असतो. ‘ही मुलगी कालपासून घरी आली नाही. जास्तीत जास्त शेअर करा.’ पाच मिनिटांत खाली मेसेज सुरू होतात. ‘परवा नालासोपारा स्टेशनवर एका मुलासोबत दिसली होती म्हणे.’ ‘घरात भांडण झालं होतं, आम्ही ऐकलंय.’ ‘आईचंच लक्ष नव्हतं.’ रात्री दहापर्यंत मुलीचा शोध लागलेला नसतो, पण तिचा निकाल मात्र लागलेला असतो.

वटार, सत्पाळा, राजोडी या भागातल्या बैठकांमध्ये हा विषय निघाला तेव्हा एका ताईंनी मला विचारलं, “मॅडम, मग आम्ही मदतच करायची नाही का?” करायची. नक्की करायची. फक्त माहिती आणि अंदाज यांतला फरक ओळखून करायची. ‘मंगळवारी सकाळी सहाला मी तिला रिक्षात बसताना पाहिलं, अंगावर हिरवा ड्रेस होता’ ही झाली माहिती. ‘पळून गेली असेल’ हा झाला अंदाज. माहिती पोलिसांना आणि घरच्यांना सांगायची. अंदाज आपल्या पोटात ठेवायचा.

वसईतलीच गोष्ट

श्रद्धा वालकर हे नाव वसईत कुणाला माहीत नाही? नोव्हेंबर २०२० मध्ये तिने नालासोपाऱ्याच्या तुळिंज पोलीस ठाण्यात लेखी तक्रार दिली होती. जोडीदार मारहाण करतो, जिवे मारण्याची धमकी देतो, असं त्यात होतं. नंतर तिने ती तक्रार मागे घेतली. मे २०२२ मध्ये दोघं दिल्लीला गेले आणि त्याच महिन्यात तिचा खून झाला, असं पोलीस तपासात पुढे आलं. पण ती दिसत नाही, हे इथे कळायला सप्टेंबर उजाडला. तिचा फोन दोन महिन्यांहून जास्त काळ बंद आहे, हे तिच्या एका मित्राच्या लक्षात आलं आणि त्याने ते तिच्या घरी कळवलं. ऑक्टोबरमध्ये वडील वसईच्या माणिकपूर पोलीस ठाण्यात गेले. बँकेचे व्यवहार आणि मोबाइलचं लोकेशन तपासत पोलीस दिल्लीपर्यंत पोहोचले. नोव्हेंबरमध्ये जोडीदाराला अटक झाली आणि मे २०२३ मध्ये न्यायालयाने त्याच्यावर खुनाचा आरोप निश्चित केला.

यात शोध कशामुळे सुरू झाला, ते बघा. एका मित्राने एक खरी गोष्ट योग्य माणसाला सांगितली, एवढ्यामुळे. बातमी फुटल्यावर तर सगळ्या देशाचे फोन वाजत होते. मी तेव्हा समाजकार्य शिकत होते. आमच्याही ग्रुपवर ‘आईबापांचं ऐकलं असतं तर’ इथपासून दोन धर्मांच्या भांडणापर्यंत सगळं येऊन गेलं. त्या हजारो मेसेजमधल्या एकानेही तपासाला मदत केली नाही. आणि २०२० मध्ये तिने जे लिहून दिलं होतं, त्याबद्दल मात्र कमी लोक बोलले. आपल्या गटातली एखादी ताई ‘तो मला मारतो’ असं सांगते, तेव्हाच ऐकायचं असतं.

अंदाजाने जीवही जातो

आपल्याच पालघर जिल्ह्यात, डहाणू तालुक्यातल्या गडचिंचले गावात १६ एप्रिल २०२० च्या रात्री दोन साधू आणि त्यांच्या गाडीचा चालक जमावाच्या मारहाणीत गेले. मुलं पळवणारे, चोर फिरताहेत, अशा अफवा त्या भागात कित्येक दिवस पसरल्या होत्या. त्याआधी १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात सोलापूर जिल्ह्यातून भिक्षा मागायला आलेल्या पाच जणांना अशाच संशयावरून मारून टाकलं. तिथेही आधी मोबाइलवर मेसेज फिरले होते.

त्या मेसेजना पुढे पाठवणाऱ्यांना कुणाला मारायचं नव्हतं. त्यांना आपली पोरं सांभाळायची होती. म्हणूनच हे आपल्याला लागू आहे, कारण आपणही काळजीपोटीच फॉरवर्ड करतो.

त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी मेसेज पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. मेसेजवर दोन बाण दिसले, तर समजा तो पाच किंवा जास्त हातांतून आपल्याकडे आलाय आणि मुळात कुणी लिहिला हे कुणालाच ठाऊक नाही. तो आपल्यापाशीच थांबवायचा. घबराट पसरेल अशी खोटी माहिती किंवा अफवा पसरवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५३ खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते.

ती स्वतःहून गेली असेल तर?

हा मुद्दा बैठकीत कुणी काढत नाही, म्हणून मी काढते. २०१९ ते २०२१ या तीन वर्षांत महाराष्ट्रात १८ वर्षांवरच्या १,७८,४०० स्त्रिया बेपत्ता झाल्याची नोंद झाली. संसदेत दिलेला हा आकडा आहे. त्यातल्या बऱ्याच जणी नंतर सापडतात, परत येतात. कुणी मनाने खचून गेलेली असते, कुणाला कामाचं आमिष दाखवून नेलेलं असतं, कुणी म्हातारपणी विसराळू झालेली आजी असते. आणि कुणी मार चुकवायला गेलेली असते.

ही शेवटची ताई डोळ्यांसमोर आणा. ती बहिणीकडे किंवा आधारगृहात लपली आहे. नवऱ्याने तिचा फोटो ग्रुपवर टाकला, ‘बायको हरवली, प्लीज शेअर करा.’ आपण कळवळून पुढे पाठवला. कुणीतरी लिहिलं, ‘मी आत्ताच हिला अमुक ठिकाणी पाहिलं.’ झालं. ज्याच्यापासून ती लांब गेली, त्याच्या हातात आपणच पत्ता दिला. १८ वर्षांवरची स्त्री सापडली की पोलीस तिचा जबाब घेतात. तिला घरी जायचं नसेल तर बळजबरीने पाठवता येत नाही. म्हणून दिसलेली जागा ग्रुपवर कधीच लिहायची नाही. ती फक्त पोलिसांना सांगायची.

पहिल्या दिवशी काय करायचं

१. थांबू नका. ‘२४ तास झाल्याशिवाय तक्रार घेत नाहीत’ ही चुकीची समजूत आहे. शंका आली की लगेच पोलीस ठाण्यात जा. घरच्यांसोबत गटातल्या दोघी जा.

२. मुलगा-मुलगी १८ वर्षांखालची असेल, तर नुसती मिसिंगची नोंद पुरत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या मे २०१३ च्या आदेशानुसार अपहरण समजून गुन्हाच दाखल करायचा असतो. हे ठामपणे सांगा.

३. अपहरणाचा किंवा घातपाताचा संशय असेल, तर ‘ही आमची हद्द नाही’ असं सांगून परत पाठवता येत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यात (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम १७३) झिरो एफआयआरची तरतूद आहे. कुठल्याही ठाण्यात गुन्हा नोंदवता येतो. एफआयआरची प्रत फुकट मिळते. नाहीच घेतली, तर वरिष्ठ अधिकाऱ्यांना पोस्टाने लेखी तक्रार पाठवा आणि पोचपावती जपून ठेवा.

४. सोबत न्या: अलीकडचा फोटो, आधारची झेरॉक्स, उंची, अंगावरचे कपडे, जन्मखूण, मोबाइल नंबर, बँकेचं नाव, शेवटी कुणी कधी पाहिलं ते, आणि चालू असलेली औषधं. परतताना मिसिंगचा नोंद क्रमांक आणि तपास अधिकाऱ्यांचं नाव लिहून आणा.

५. तिचा फोन घरी राहिला असेल, तर उघडून चॅट चाळत बसू नका, काही पुसू नका. तसाच पोलिसांना द्या. वाटेतल्या कुठल्या दुकानावर, सोसायटीवर कॅमेरा आहे ते लगेच सांगा. त्या यंत्रात थोड्या दिवसांनी जुनं पुसून नवं भरतं.

६. नंबर पाठ करा: पोलीस ११२, महिला १८१, बालक १०९८, रेल्वे १३९. पहाटेच्या लोकलने फुलं-भाजी घेऊन मुंबईला जाणाऱ्या तायांनी तर नक्कीच. फलाटावर भांबावलेली मुलगी किंवा आजी सगळ्यात आधी तुम्हालाच दिसते.

मेसेज टाकायचाच असेल तर

घरचे आणि पोलीस हो म्हणाले, तरच. आणि असा:

‘(नाव, वय) या (तारीख, वेळ) पासून (ठिकाण) येथून बेपत्ता आहेत. अंगावर (कपडे). (पोलीस ठाणे) येथे नोंद क्र. (…). माहिती असल्यास फक्त पोलीस ठाण्याच्या (…) या नंबरवर कळवावे. ग्रुपवर चर्चा करू नये.’

तारीख हवीच. मी स्वतः एकदा एका मुलीचा फोटो पुढे पाठवला आणि नंतर कळलं, ती केव्हाच घरी आली होती. तिचा फोटो मात्र फिरतच होता. घरच्यांचा खासगी नंबरही टाकू नका. ‘मुलगी आमच्याकडे आहे, आधी पैसे पाठवा’ असे फोन करणारे टपलेले असतात. असा फोन आला तर पैसे न पाठवता पोलिसांना सांगा, आणि पैसे गेलेच तर ताबडतोब १९३० ला फोन करा. लैंगिक अत्याचाराची शंका असेल, तर नाव आणि फोटो अजिबात नाही. पीडितेची ओळख उघड करणं हा वेगळा गुन्हा आहे.

ग्रुप ॲडमिन असलेल्या तायांसाठी: दुसऱ्याने टाकलेल्या मेसेजसाठी केवळ ॲडमिन आहे म्हणून तिला दोषी धरता येत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटलंय. म्हणून घाबरून ग्रुप सोडू नका. पण असा मेसेज सगळ्यांसाठी काढून टाकायची सोय तुमच्या हातात आहे. ती वापरा.

ती परत आली की

ज्या ग्रुपवर फोटो टाकला, त्याच ग्रुपवर ‘त्या सुखरूप आहेत, फोटो काढून टाकावा’ एवढंच लिहा. कुठे होती, कुणाबरोबर होती, हे विचारू नका. हरवलेली बाई दोन आठवड्यांत सापडते, पण ‘पळून गेली’ हा शब्द तिच्या मागे वर्षानुवर्षं फिरतो. त्या शब्दाच्या भीतीनेच कितीतरी घरं तक्रार द्यायला उशीर करतात. म्हणजे आज आपण एकीबद्दल जे लिहितो, ते उद्या दुसरीच्या आईचे पाय पोलीस ठाण्याच्या पायरीवर अडवतं.

पुढच्या बैठकीला तिची जागा तशीच ठेवा. हप्ता थकला असेल तर तो विषय नंतर. आधी पाणी, चहा, आणि “ये, बस.”

पुढच्या बैठकीत बोलूया

– आपल्या ग्रुपवर आलेला असा शेवटचा मेसेज कोणता? त्यात माहिती किती होती आणि अंदाज किती?
– गटातली कोणती ताई गेल्या दोन बैठकांना आली नाही? तिच्या घरी कोण जाऊन येणार?
– पोलीस ठाण्यात सोबत जायला आपल्यातल्या कोणत्या दोघी तयार आहेत? त्यांची नावं इतिवृत्तात लिहून ठेवा.

तुमची,
क्षेत्र समन्वयक