काळ्या दगडाचं नाशिक

नाशकात किती पाऊस झाला हे सांगायची एक जुनी रीत आहे. धरणातून किती क्युसेक सोडलं ते वर्तमानपत्रात छापून येतं, पण गंगाघाटावरच्या माणसाला विचारलंत तर तो म्हणतो, "मारुतीच्या कमरेला लागलंय." हा मारुती म्हणजे रामकुंडाजवळ थेट नदीच्या पात्रात उभा असलेला दुतोंड्या मारुती. पाणी त्याच्या पावलांना लागलं की लोक छत्र्या घेऊन पूर बघायला येतात. छातीला लागलं की सराफ बाजारात माल वरच्या मजल्यावर चढू लागतो. आणि त्याच्याही वर चढलं की सगळ्यांची नजर नारोशंकराच्या देवळातल्या घंटेकडे जाते. ही घंटा मूळची पोर्तुगीजांची. तिच्यावर १७२१ साल आहे आणि १७३९ मध्ये मराठ्यांनी वसई जिंकल्यावर ती इकडे आली. चर्चची घंटा महादेवाच्या देवळात टांगली आणि लोकांनी तिला पूर मोजायच्या कामालाही लावली. नाशिकचा स्वभाव कळायला मला हे एक उदाहरण पुरतं.

(तो माणूस "गंगा" म्हणतो तेव्हा गोदावरीच समजायची. नाशकात गोदावरी हे नाव भूगोलाच्या पुस्तकात आणि रेल्वेगाडीवर.)

"नाशिक दर्शन" करणाऱ्यांची यादी ठरलेली असते. सकाळी पंचवटी, काळाराम, सीतागुंफा, मग त्र्यंबक, जमलं तर पांडवलेणी, आणि हल्ली संध्याकाळी एखादी वायनरी. यादीत देवळं एकीकडे आणि द्राक्षबागा दुसरीकडे, जणू आजी-आजोबांचं नाशिक वेगळं आणि नातवंडांचं वेगळं. मला मात्र दर खेपेला वाटतं की हे सगळं एकाच दगडाचं काम आहे. तो दगड म्हणजे आपला रोजच्या पाहण्यातला, खडीसाठी फोडला जाणारा काळा कातळ. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांमधून लाव्हा वर आला, पसरला, निवला, मग त्यावर पुन्हा नवा थर आला. असे थरावर थर. नाशिकभोवतीचे डोंगर पायऱ्या-पायऱ्यांचे दिसतात ते त्यामुळे.

ही पायऱ्यांची गंमत कळली की त्र्यंबक वेगळंच दिसू लागतं. ब्रह्मगिरीपासून अरबी समुद्र सरळ रेषेत फार तर ८० किलोमीटर. पण इथे उगवणारी गोदावरी त्या समुद्राकडे पाठ करते आणि १४६५ किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळते. त्याच डोंगररांगेत उगम पावणारी वैतरणा मात्र पश्चिमेला उतरून विरारच्या पुढे समुद्र गाठते. पावसाचे दोन थेंब शेजारी-शेजारी पडतात. वारा जरा इकडचा तिकडे झाला तर एक मुंबईकरांच्या नळात जातो आणि दुसरा राजमहेंद्रीला.

आणि उगम तरी कसा? गौतम ऋषींची कथा सगळ्यांना ठाऊक असते. गंगा ब्रह्मगिरीवर आली, पण थांबेना. इथे दिसे, तिथे गुप्त होई. शेवटी ऋषींनी कुश म्हणजे दर्भ टाकून तिला अडवलं, तेच कुशावर्त. आता डोंगर चढून पाहा. वर माथ्यावर पाणी दिसतं, मग नाहीसं होतं, खाली गंगाद्वाराला पुन्हा दिसतं, पुन्हा लपतं आणि गावात कुशावर्त कुंडात येतं. काळा कातळ दिसायला घट्ट असला तरी त्याला उभ्या भेगा असतात. पावसाचं पाणी त्यांतून झिरपत खाली जातं. दोन थरांमध्ये कुठे पाणी न जाऊ देणारा पट्टा लागला की ते अडतं, आडवं सरकतं आणि कड्यावर वाट मिळेल तिथून झरा होऊन बाहेर पडतं. ज्याने ती कथा पहिल्यांदा सांगितली त्याने हा डोंगर पायाखाली घातला असणार, याबद्दल मला शंका नाही. लपाछपी त्याने अचूक टिपली आहे.

त्र्यंबकेश्वराचं आजचं देऊळ नानासाहेब पेशव्यांनी १७५५ मध्ये सुरू केलं. १७६१ मध्ये, पानिपताच्याच वर्षी, ते गेले. देऊळ पुरं व्हायला १७८६ उजाडलं. गाभाऱ्यात नेहमीसारखी उंच पिंड नाही. खोलगट जागेत अंगठ्याएवढी तीन लिंगं आहेत, ब्रह्मा, विष्णू आणि महेश. बहुतेकांना दर्शनाच्या वेळी वर टांगलेल्या आरशातच काय दिसेल ते दिसतं, कारण मागचा माणूस ढकलत असतो.

काळाराम मंदिरात मात्र सावकाश उभं राहता येतं. सरदार रंगराव ओढेकरांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस ते बांधलं. दगड आणला रामशेजहून, म्हणजे ज्या किल्ल्याने संभाजीराजांच्या काळात मुघल फौजेला वर्षानुवर्षं झुंजवलं त्या डोंगराहून. उन्हात त्या भिंतींना हात लावा. दुपारच्या उन्हाने तापलेला दगड संध्याकाळ झाली तरी कोमट लागतो. याच देवळाच्या दारात २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाड आणि हजारो माणसं रामाचं दार उघडावं म्हणून वर्षानुवर्षं झगडली, दार उघडलं नाही. पुढे १३ ऑक्टोबर १९३५ ला याच जिल्ह्यातल्या येवल्यात बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. देवळाची कोरीव कामं दाखवणाऱ्याने हे दारही दाखवावं.

पण मला विचाराल तर नाशिकचं सगळ्यांत मोठं नवल शहराच्या दक्षिणेला, मुंबई-आग्रा रस्त्याच्या कडेला, त्रिरश्मी डोंगरात आहे. पांडवांचा पांडवलेण्यांशी काही संबंध नाही. ही बौद्ध लेणी, २४ आहेत, आणि त्यांतली सर्वांत जुनी दोन हजार वर्षांहून जुनी. लाव्ह्याचा एखादा थर जाड आणि एकसंध निघाला की त्यात वरून खाली घर कोरता येतं. भर घालायची सोय नाही, चूक झाली तर दुरुस्ती नाही.

दहाव्या लेण्याच्या ओसरीत थांबा. भिंतीवर ब्राह्मी अक्षरं आहेत. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने केलेल्या दानाचा हा लेख, सुमारे १९०० वर्षांपूर्वीचा. दानाचे लेख बरेच असतात, पण हा वाचताना आपण देवस्थानात नसून बँकेत आहोत असं वाटतं. उषवदाताने भिक्षूंना पैसे हातात दिले नाहीत. त्याने ३००० कार्षापण नाणी "अक्षयनीवी" म्हणून, म्हणजे मुद्दल कधीही मोडायचं नाही या अटीवर, गोवर्धन इथल्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे संघांकडे, ठेवले. २००० एका श्रेणीकडे, दरमहा शेकडा एक व्याजाने. १००० दुसरीकडे, दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. पहिल्या रकमेच्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या २० भिक्षूंना चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी, प्रत्येकी १२ कार्षापण द्यायचे.

मी तिथेच, लेण्याच्या पायरीवर बसून हिशेब केला होता. २००० वर महिन्याला शेकडा एक म्हणजे २०. वर्षाचे २४०. आणि २० भिक्षू गुणिले १२? २४०. एक कवडी इकडची तिकडे नाही. हे सगळं निगमसभेत जाहीर करून फलकांवर नोंदवलं, असंही लेखात आहे. म्हणजे ठेव, व्याजदर, लाभार्थी, जाहीर वाचन आणि दप्तरी नोंद. आपल्या सोसायटीच्या वार्षिक सभेत यातलं किती असतं ते ज्याचं त्याने आठवावं.

पुढे सातवाहन राजा गौतमीपुत्राने नहपानाला हरवलं. त्याची आई गौतमी बलश्री हिने याच डोंगरात, तिसऱ्या लेण्यात, आपल्या लेकाच्या पराक्रमाचा लेख कोरवून घेतला. हरलेल्याचं दान आणि जिंकलेल्याची प्रशस्ती काही पावलांच्या अंतरावर. या जयाचा दुसरा पुरावा १९०६ मध्ये जिल्ह्यातल्या जोगलटेंभीला सापडला: नहपानाची तेरा हजारांहून जास्त चांदीची नाणी, आणि त्यांतल्या नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा पुन्हा मारलेला. नाणी वितळवायची तसदी त्याने घेतली नाही.

आता द्राक्षं. त्यांच्यासाठी पुन्हा डोंगराकडेच बघावं लागतं. सह्याद्रीची भिंत ढग अडवते. इगतपुरीला वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि तिथून पन्नास किलोमीटरच्या आत असलेल्या नाशकात ७०० च्या आसपास. निफाडकडे गेलात तर आणखी कमी. घाटावर पडणारं पाणी धरणांत साठतं, कालव्यांतून पूर्वेला येतं, आणि ज्या पट्ट्यात ढग रिकामे होऊन पोचतात तिथे द्राक्षाची वेल सुखाने राहते. पाणी हवं पण पाऊस नको, असा तिचा हट्ट आहे. कातळ झिजून झालेली मुरमाड, निचऱ्याची जमीन तिला मानवते.

तरीही एक अडचण उरतेच. द्राक्ष हे थंड मुलखातलं झाड. तिकडे ते हिवाळ्यात पानं गाळून झोपतं, वसंतात जागं होतं, पाऊसपाणी बघून शरदात पिकतं. नाशकात ते झोपतच नाही. आपल्या मर्जीने वाढू दिलं तर ऐन पावसाळ्यात घड धरेल आणि डाउनी रोगाने सडेल. म्हणून इथल्या शेतकऱ्याने वेलीचं कॅलेंडरच बदललं. वर्षातून दोनदा छाटणी. एप्रिलमध्ये खरड छाटणी, जिच्यानंतर नवी काडी तयार होते. आणि गंमत म्हणजे त्या कडक उन्हाळ्यातच काडीच्या डोळ्याच्या आत पुढच्या हंगामाचा सूक्ष्म घड घडतो, नुसत्या नजरेला न दिसणारा. मग ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी. थंडी न सोसलेले डोळे एकसारखे फुटत नाहीत, म्हणून त्यांना हायड्रोजन सायनामाइडची पेस्ट लावतात. वेलीला वाटतं हिवाळा झाला. चार महिन्यांत, जानेवारी ते मार्चमध्ये, माल तयार.

बेदाण्यासारखं बी नसलेलं थॉम्पसन आपण खातो त्यात तर अर्धं जग दडलंय. नाव कॅलिफोर्नियातल्या थॉम्पसनचं, मूळ इराण-तुर्कस्तानच्या बाजूचं. ते ज्या डॉगरिज खुंटावर कलम करतात त्याची जात टेक्सासची, खारं पाणी आणि टंचाई सोसणारी. या द्राक्षात बी धरायला सुरुवात होते आणि मधेच खुंटते. मणी फुगवणारं जिबरेलिन बी तयार करतं. बीच नाही तर मणी बारीक राहणार. म्हणून शेतकरी घड जिबरेलिनच्या द्रावणात बुडवतो, "डीप" देतो. आणि हे जिबरेलिन शोधलं कुणी? भाताची रोपं वेड्यासारखी उंच वाढून आडवी का पडतात याचा छडा लावणाऱ्या जपानी शास्त्रज्ञांनी. १९२६ मध्ये कुरोसावा यांनी दाखवलं की त्यामागची बुरशी सोडते त्या द्रव्यामुळे हे होतं. त्या रोगातलं द्रव्य निफाडच्या बागेत दर हंगामात कामाला येतं. डिसेंबरात पारा पाचाखाली गेला की तेच शेतकरी रात्रभर बागेत शेकोट्या पेटवून बसतात, आणि छाटणीनंतर अवकाळी आला तर आभाळाकडे बघत बसतात. शंभर रुपये किलो महाग वाटतं तेव्हा हे आठवायला हरकत नाही.

वाइनची द्राक्षं वेगळी. मणी लहान, साल जाड, आत बिया. दिवसा ऊन आणि रात्री गारवा असला तर साखर चढते आणि आंबटपणाही टिकतो. समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवरच्या नाशकात जानेवारी-फेब्रुवारीत नेमकं हेच असतं. सुला या वायनरीने इथे १९९७ मध्ये सोव्हिन्यों ब्लां आणि शेनिन ब्लां लावली, २००० मध्ये पहिली वाइन आली. पुढे दिंडोरीपर्यंत बागा पसरल्या. चवीबद्दल मी मत देत नाही. माझी धाव मिसळीपर्यंत, आणि नाशकात तिची कमतरता नाही.

जायचं तर फेब्रुवारीत जा. उन्हं चढायच्या आत पांडवलेणी करा आणि दहाव्या लेण्यातला हिशेब स्वतः करून बघा. संध्याकाळी गंगापूर रस्त्याने सुलाच्या बागेत गेलात की दारातल्या पाटीवरचा पत्ता वाचा. गावाचं नाव गोवर्धन. उषवदाताने विणकरांकडे मुद्दल ठेवलं ते गोवर्धन हेच, असं संशोधक मानतात.