लेझरने केस काढण्याआधी कातडी समजून घेऊ

हनुवटीवरचे केस लेझरने काढावेत का, असे वस्तीतल्या मुली आम्हाला विचारतात. पैसे मोजण्याआधी आपली कातडी कशी बनली आहे ते पाहू.

वरचा थर पातळ असतो. त्याच्या तळाशी मेलॅनिन हा रंग तयार होतो. तो बनवणाऱ्या पेशी गोऱ्या-काळ्या सगळ्यांत साधारण सारख्याच, फक्त रंग कमी-जास्त. म्हणून सावळेपणा हा आजार नव्हे. त्यावर क्रीमही नको. खालच्या जाड थरात घामाच्या ग्रंथी आणि केसांची मुळे असतात.

केसातला काळा रंग लेझरचा प्रकाश शोषतो, तापतो आणि मूळ जळते. पण तोच रंग आपल्या कातडीतही आहे. मशीन चुकीचे लावले तर कातडीच भाजते, डाग राहतात. सावळ्या कातडीला १०६४ नॅनोमीटरचा एनडी-याग लेझर त्यातल्या त्यात सुरक्षित. तो वरच्या थरात कमी अडकतो. खानदेशच्या उन्हात चेहरा रापला असेल तर थांबावे.

वाढत्या केसांवरच परिणाम होतो, म्हणून महिना-दीड महिन्याच्या अंतराने ६ ते ८ वेळा जावे लागते. पांढऱ्या केसांवर उपयोग नाही. आधी थ्रेडिंगही नको. मूळच उपटले तर लेझर कशाला धरणार?

राठ केसांबरोबर पाळीही अनियमित असेल, तर आधी हार्मोनची तपासणी करा. जळगावचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय किंवा धुळ्याचे भाऊसाहेब हिरे महाविद्यालय, इथल्या रुग्णालयात दाखवता येईल.